दिव्यासाठी धडपडणारं यंत्र

"ते तर यंत्र आहे. तेही खरं नाही, संगणकात तयार केलेलं. मग त्याचा दिवा फुटला तेव्हा आपल्याला वाईट का वाटावं?" अ‍ॅनिमेशनचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो विचारतात मोठी माणसं. मुलांना तो पडत नाही. उशीशी भांडायच्या आणि चमच्याला भरवायच्या वयात यंत्रमानवाला जीव आहे की नाही, ही शंकाच मनात येत नाही. मोठ्यांना मात्र आपल्या डोळ्यांत पाणी का आलं, याचं कारण हवं असतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बऱ्यापैकी नेमकं देता येतं.

नेहमी मिळणारं उत्तर असं: चित्रकार यंत्राला माणसाचा चेहरा देतात, म्हणून ते आपलंसं वाटतं. मला हे उत्तर अपुरं वाटतं. डोळे, भुवया, हसरे ओठ लावलेली कितीतरी यंत्रं जाहिरातींमध्ये नाचत असतात आणि आपण त्यांना दुसऱ्या क्षणी विसरतो. उलट ज्याला ओठ नाहीत, भुवया नाहीत, बोलता येत नाही, असं एखादं यंत्र हातातलं काम पुरं करायला जिवापाड धडपडताना दिसलं की आपण खुर्चीत पुढे सरकतो. यंत्राला जीव येतो तो कामामुळे. हे कसं घडतं ते पाहण्यासाठी या प्रकरणात एकच छोटा चित्रपट घेऊ आणि तो खिळा-स्क्रूपर्यंत उलगडू.

१. एका दिव्याची गोष्ट

पिक्सार या अमेरिकी कंपनीचा 'वॉल-ई' हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट जून २००८ मध्ये प्रदर्शित झाला. दिग्दर्शक होते अँड्र्यू स्टँटन. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याची डीव्हीडी बाजारात आली, तेव्हा तिच्यात एक नवा लघुपट होता: 'बर्न-ई'. लांबी साधारण साडेसात मिनिटं. दिग्दर्शक अँगस मॅकलेन. 'वॉल-ई'च्या अ‍ॅनिमेटरांपैकी ते एक. पुढे २०२२ मध्ये 'लाइटइयर' हा मोठा चित्रपटही त्यांनी केला.

मूळ चित्रपटात पृथ्वी कचऱ्यानं भरून गेलेली आहे आणि माणसं अ‍ॅक्सिअम नावाच्या प्रचंड अवकाशयानात राहायला गेली आहेत. मागे उरलेला, कचऱ्याचे ठोकळे करणारा वॉल-ई हा छोटा यंत्रमानव आपल्या आवडत्या इव्ह या यंत्रमानवाच्या मागे, एका यानाला लटकून, अवकाशात निघतो. वाटेत तो कौतुकानं एका ग्रहाच्या कड्यांतून हात फिरवतो. लघुपट सुरू होतो तो इथे. त्या स्पर्शानं एक खडा उडतो, दूर अ‍ॅक्सिअमवर जाऊन आदळतो आणि यानाच्या बाहेरचा एक दिवा फुटतो.

दुरुस्तीचं काम येतं बर्न-ईकडे. बर्न-ई वेल्डिंगवाला. तो भांडारातल्या यंत्रमानवाकडून नवा दिवा घेतो, बाहेर जातो, कामाला लागतो. तेवढ्यात वॉल-ईला घेऊन येणारं यान शेजारून जातं. बर्न-ईचं लक्ष तिकडे वळतं आणि दिवा हातचा जातो. पुन्हा भांडार, पुन्हा दिवा. या वेळी सुटकेच्या छोट्या यानाचा स्फोट होतो. पुन्हा लक्ष उडतं, पुन्हा दिवा जातो. तिसऱ्या वेळी तो कशाकडेही न पाहता काम पुरं करतो, आणि नेमकं तेव्हाच वॉल-ई आणि इव्ह त्याच्याच दारातून आत शिरतात, दार बंद होतं आणि बर्न-ई बाहेर अडकतो. पुढचा सगळा वेळ आत शिरण्याच्या खटपटीत जातो. आत मोठ्या चित्रपटाचं रामायण चाललेलं असतं, यान कलंडतं, अखेर पृथ्वीवर उतरतं. बर्न-ईला त्यातलं काही नको असतं. त्याला फक्त दिवा लावायचा असतो. शेवटी दिवा लागतो, तो आनंदानं वेडा होतो, आणि क्षणभरात उडालेला एक तुकडा वरून येऊन दिव्याचा चुराडा करतो.

गोष्ट एवढीच. कुणी भाषण करत नाही, निवेदक काही समजावत नाही. जे कळतं ते हालचालीतून. म्हणून आधी हालचाल म्हणजे काय ते पाहू.

२. सेकंदाला चोवीस

पडद्यावर काहीही हलत नसतं. चित्रपटात सेकंदाला २४ स्थिर चित्रं एकामागून एक दाखवली जातात. अशा एका चित्राला चौकट किंवा फ्रेम म्हणतात. दोन चौकटींमध्ये फरक थोडा असला तर आपला मेंदू त्यांना जोडून सलग हालचाल बनवतो. खात्री करायची असेल तर जुन्या वहीच्या कोपऱ्यात पानामागून पान एक ठिपका थोडा थोडा सरकवत काढा आणि अंगठ्यानं पानं भरभर सोडा. ठिपका चालू लागेल.

हिशेब करून पाहू. साडेसात मिनिटं म्हणजे ४५० सेकंद. ४५० गुणिले २४ म्हणजे १०,८०० चौकटी. कॅमेऱ्यानं चित्रीकरण करताना या चौकटी आपोआप मिळतात, कारण समोरचा नट स्वतः हलत असतो. अ‍ॅनिमेशनमध्ये आपोआप काही मिळत नाही. बर्न-ईचा हात, त्याची मान, हातातला दिवा, मागचं आकाश, यांतली प्रत्येक गोष्ट प्रत्येक चौकटीत कुठे असेल ते कुणीतरी ठरवावं लागतं.

ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे आणि आपल्याकडेही ती फार लवकर आली. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रं थोडी थोडी करून टिपली होती. पडद्यावर ती सलग दाखवली तेव्हा अंकुर डोळ्यांदेखत वर आला आणि भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. पुढे १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्या हातानं किंचित हलवायच्या, एक चौकट घ्यायची, पुन्हा हलवायच्या, असं काम होतं. आगकाडीला तर चेहरा नावाला नाही. या माणसाच्या चिकाटीबद्दल मला फार आदर वाटतो. एका काडीला चालवायला किती वेळा वाकावं लागत असेल, याचा नुसता विचार करून पाहावा.

३. वजन कुठून येतं?

समजा, संगणकाला सांगितलं की चेंडू वरून खाली आण. त्याच्या डोक्यानं चाललं तर तो अंतर सारखं वाटून टाकेल. दर चौकटीला तेवढंच. पडद्यावर तो चेंडू पडत नाही, लिफ्टमधून उतरतो. खरा चेंडू कसा पडतो? जमिनीपासून ४.९ मीटर उंचावरून सोडला तर तो जवळपास एका सेकंदात, म्हणजे २४ चौकटींत, खाली पोचतो. सहाव्या चौकटीपर्यंत तो जेमतेम ३१ सेंटीमीटर उतरलेला असतो. बाराव्यापर्यंत १.२३ मीटर. अठराव्यापर्यंत २.७६ मीटर. चोविसाव्याला जमीन. दर सहा चौकटींत कापलेलं अंतर पाहा: ३१, मग ९२, मग १५३, मग २१४ सेंटीमीटर. ढोबळमानानं १, ३, ५, ७ या प्रमाणात ते वाढत जातं.

हे आकडे प्रेक्षकाला ठाऊक नसतात, पण त्याच्या डोळ्यांना ठाऊक असतात. जन्मापासून आपण वस्तू पडताना पाहत आलोय. अंतरं चुकली की वस्तू थर्माकोलची वाटते, बरोबर आली की लोखंडाची वाटते. अ‍ॅनिमेटर या अंतरांच्या वाटपाला 'स्पेसिंग' म्हणतात आणि एखादी क्रिया किती चौकटींत पुरी होते त्याला 'टायमिंग'. धंद्यात शिरणाऱ्या मुलांकडून पहिला घोटवून घेतला जाणारा धडा म्हणजे हा उसळता चेंडू.

आता बर्न-ईची अडचण बघा. तो काम करतो यानाच्या बाहेर, अवकाशात. तिथे हातून सुटलेली वस्तू पडत नाही. ती ज्या वेगानं सुटली त्याच वेगानं, सरळ रेषेत, जात राहते. म्हणजे इथे अंतरं खरोखरच सारखी हवीत: ५, ५, ५, ५ सेंटीमीटर. यानाच्या आत पडणारी वस्तू आणि बाहेर सुटलेली वस्तू यांतला फरक अ‍ॅनिमेटरला नुसत्या या अंतरांतून दाखवावा लागतो. विनोदासाठी ही फार मोठी सोय आहे. जमिनीवर पडलेली वस्तू एका क्षणात फुटते आणि प्रसंग संपतो. अवकाशात सुटलेली वस्तू मात्र निवांतपणे, अगदी सावकाश दूर जाते, आणि ती आता हाती लागणार नाही हे कळायला प्रेक्षकाला पुरेसा वेळ मिळतो.

अवकाशात वजन नसलं तरी जडत्व असतंच. जडत्व म्हणजे वस्तूनं आहे त्या स्थितीत राहण्याचा धरलेला हट्ट: थांबलेली असेल तर ढकलायला जोर लागतो, चालत असेल तर थांबवायला जोर लागतो. म्हणून जड अवजार तिथेही हळू सुरू होतं आणि हळू थांबतं. चौकटींच्या भाषेत, सुरुवातीला आणि शेवटी अंतरं लहान, मधे मोठी.

४. पत्रा दबत नाही, तरीही

हाताने चित्रं काढण्याच्या काळात डिस्नेच्या स्टुडिओत चित्रकारांनी हालचालीचे काही नियम बसवले होते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या तिथल्या दोन जुन्या अ‍ॅनिमेटरांनी १९८१ मध्ये एका जाडजूड ग्रंथात असे बारा नियम नोंदवले. त्यांतला पहिला म्हणजे दबणं आणि ताणलं जाणं. जिवंत शरीर हललं की त्याचा आकार बदलतो. उडी मारण्याआधी ते दबतं, हवेत ताणलं जातं, उतरताना पुन्हा दबतं. आकार बदलला नाही तर ते मेलेलं दिसतं.

मग यंत्रमानवाचं काय करायचं? पत्रा रबरासारखा दबला तर तो पत्रा राहत नाही.

याचं सुंदर उत्तर १९८६ च्या 'लक्सो ज्युनिअर' या पिक्सारच्या लघुपटात सापडतं. जॉन लॅसेटर यांनी केलेला हा दोन मिनिटांचा चित्रपट. टेबलावर एक मोठा दिवा, एक छोटा दिवा आणि एक चेंडू. दोन्ही दिवे आपल्या अभ्यासाच्या टेबलावर असतात तसे, सांध्यांतून वाकणारे. पुढच्या वर्षी लिहिलेल्या एका निबंधात लॅसेटर यांनी मुद्दा स्पष्ट केला: वस्तू दबण्यासाठी तिचा आकार बदललाच पाहिजे असं नाही, ती सांध्यांत घडी होऊ शकते. छोटा दिवा उडी मारण्याआधी सांध्यांतून खाली मिटतो आणि उडताना सरळ होतो. लोखंडाची एकही दांडी वाकत नाही, तरी शरीर दबल्यासारखं आणि ताणल्यासारखं दिसतं.

पडद्यावरच्या कुठल्याही यंत्रमानवाची रचना यामुळे सांध्यांपासून सुरू होते. मान कितपत पुढे येते, खांदे खाली जातात का, धड वळतं का. जिथे सांधा, तिथे भावनेला जागा. एकसंध ठोकळा फार तर थरथरू शकतो. म्हणून यंत्रमानव पाहताना त्याचे डोळे शोधण्याआधी तो कुठे कुठे वाकतो ते मोजावं. त्याच्या स्वभावाबद्दल बरंच काही तिथेच कळतं.

'लक्सो ज्युनिअर' डॅलस शहरात संगणकचित्रांच्या तज्ज्ञांच्या परिषदेत पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात एक दिवा दुसऱ्या दिव्यावर पाडत असलेल्या सावल्या त्या काळात मोठं तांत्रिक यश होतं. नंतर जिम ब्लिन हे नावाजलेले संशोधक लॅसेटर यांच्याकडे आले. सावल्यांचं गणित विचारणार, असं लॅसेटर यांना वाटलं. ब्लिन यांनी विचारलं, तो मोठा दिवा आई होता की बाबा?

५. त्रिकोणाला राग येतो

ब्लिन यांच्या प्रश्नामागचं कारण मानसशास्त्रज्ञांना चाळीस वर्षं आधीच सापडलं होतं. फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन सिमेल यांनी अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात एक प्रयोग केला आणि तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी एक अगदी छोटा चित्रपट बनवला. पात्रं तीन: एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण आणि एक छोटं वर्तुळ. सोबत एक चौकोन, त्याला उघडझाप करणारी एक बाजू. बस. हे आकार इकडून तिकडे सरकतात, एकमेकांना भिडतात, चौकोनात शिरतात, बाहेर पडतात.

पाहणाऱ्यांना सांगितलं, काय दिसलं ते लिहा. पहिल्या गटात ३४ जणी होत्या. त्यांतल्या केवळ एकीनं भूमितीच्या भाषेत वर्णन केलं: त्रिकोण अमुक दिशेला सरकला, वगैरे. बाकी सगळ्यांनी गोष्ट लिहिली, बहुतेकांनी माणसांची. मोठा त्रिकोण दांडगट, छोटा धीट, वर्तुळ घाबरलेलं. कुणी कुणाचा पाठलाग करतं, कुणी कुणाला वाचवतं.

आता इथे चेहरा कुठे आहे? डोळ्यांचा ठिपकाही नाही. तरीही भीती दिसली, राग दिसला. का? कारण आकारांची हालचाल हेतू असल्यासारखी होती. वस्तू ढकलली म्हणून सरकली तर ती वस्तू. पण ती दाराकडे निघाली, अडवली, वळसा घालून पुन्हा दाराकडेच निघाली, की आपल्या मनात एक शब्द उमटतो: 'तिला' आत जायचंय. हेतू ओळखायला आपल्याला तीन गोष्टी पुरतात. एक ठिकाण, एक अडथळा, आणि अडथळ्यानंतरही त्याच ठिकाणाकडे वळणं.

बर्न-ईकडे या तिन्ही गोष्टी भरभरून आहेत, आणि माझ्या मते म्हणूनच त्याला कामगार केलं हे मॅकलेन यांचं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल आहे. प्रेमात पडलेल्या पात्राचा हेतू मनात असतो, तो बाहेर काढून दाखवावा लागतो. काम करणाऱ्याचा हेतू त्याच्या हातात असतो. दिवा ही वस्तू डोळ्यांना दिसते, तो बसला की नाही ते दिसतं, फुटला तर तेही दिसतं. प्रेक्षकाला सुरुवातीलाच कळतं की याला काय हवंय, आणि शेवटपर्यंत त्यात बदल होत नाही. दिवा लावायचा. एवढी स्पष्ट इच्छा माणसांच्या चित्रपटांतही क्वचित पाहायला मिळते.

६. विचार दिसतो कसा?

हेतू कळला. पण यंत्र विचार करतंय हे कसं दाखवायचं? याचं उत्तर थांबण्यात आहे.

एक छोटं उदाहरण करून पाहू. समजा, आपला वेल्डर खाली वाकून जोडकाम करतोय आणि मागून काहीतरी मोठं जातं. त्यानं वळून बघावं असं हवंय. पहिली रीत: पाचव्या चौकटीला तो वाकलेला, दहाव्या चौकटीला पूर्ण वळलेला. दिसायला कसं दिसेल? कुणीतरी त्याला फिरवल्यासारखं. दुसरी रीत: पाचव्या चौकटीला काम थांबतं, हात आहे तिथेच. आठ चौकटी काहीच होत नाही. मग नजर जिथे असेल तो भाग किंचित वळतो. तीन-चार चौकटींनी डोकं त्याच्या मागे जातं. त्यानंतर धड. आणि हात? हात अजून कामावरच आहेत. या दुसऱ्या रीतीत प्रेक्षकाला अख्खं वाक्य वाचता येतं: काहीतरी झालं वाटतं... बघू का... बघतोच. आठ रिकाम्या चौकटी म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांश. विचार तेवढ्या जागेत राहतो.

आधी नजर, मग डोकं, मग धड, हा क्रम लॅसेटर यांच्या त्याच निबंधात सांगितला आहे. क्रम उलटा केला, म्हणजे धड आधी वळलं, तर बाहेरून कुणी ढकललंय असं वाटतं. एवढ्याशा फरकानं पात्र जिवंत होतं किंवा वस्तू होतं.

हात कामावरच आहेत, ही गोष्ट 'बर्न-ई'च्या विनोदाचा गाभा आहे. नजर एकीकडे आणि हात दुसरीकडे. गॅस चालू आणि लक्ष खिडकीबाहेर, असं ज्यानं ज्यानं केलंय त्याला पुढे काय होणार ते कळतं. बर्न-ईला कळायच्या आधी कळतं. आपण त्याच्या काळजीत पडतो त्याचं कारण हेही आहे की आपल्याला त्याच्यापेक्षा सेकंदभर आधी ठाऊक असतं.

पिक्सारची मंडळी ही भाषा मूकपटांतून शिकली. 'वॉल-ई'चं काम चालू असताना ती चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांचे चित्रपट नेमानं पाहत. कीटन तर हसायचासुद्धा नाही. दगडी चेहऱ्याचा माणूस म्हणून तो ओळखला जायचा. चेहरा गोठवून केवळ शरीराच्या वेळेवर लोकांना हसवता आणि हळवं करता येतं, हे त्यानं १९२० च्या दशकातच दाखवून दिलं होतं. वॉल-ईच्या डोळ्यांचीही गोष्ट अशीच. स्टँटन बेसबॉलचा सामना पाहायला गेले होते. शेजाऱ्याची दुर्बीण हातात आली आणि सामना सोडून ते ती उलटी धरून तिच्याकडेच पाहत बसले. दोन नळ्या मधल्या बिजागरीतून किंचित खाली वळवल्या की दुर्बीण उदास दिसते, वर वळवल्या की खुलते. भुवई नको, पापणी नको. बिजागरी पुरते.

आवाजाचंही तसंच. 'वॉल-ई'चे आवाज बेन बर्ट यांनी घडवले. वॉल-ई पट्ट्यांवरून चालतो तेव्हा येणारी घरघर हातानं फिरवायच्या वीजजनित्राची आहे. वेग वाढला की सूर चढतो, थकला की उतरतो. शब्द नसले तरी सुराच्या चढउतारात मन:स्थिती ऐकू येते.

७. दोऱ्या, कळा आणि हिशेब

हे सगळं संगणकात प्रत्यक्ष कसं उतरतं? सगळ्यात आधी पात्राचा नुसता आकार बनवला जातो, त्याला मॉडेल म्हणतात. ते पुतळ्यासारखं ताठ असतं. त्याला हलवण्यासाठी आतून जी व्यवस्था बसवतात ती 'रिग'. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्या डोळ्यांसमोर आणा. बाहुलीच्या डोक्याला, हातांना दोऱ्या बांधलेल्या. दोऱ्या कुठे बांधल्या यावर बाहुली काय करू शकणार हे ठरतं. कोपराला दोरी नसेल तर ती नमस्कार करणार नाही. रिग म्हणजे अशा दोऱ्याच, फक्त त्या शेकड्यांनी असतात आणि अ‍ॅनिमेटर त्या एकेक ओढतो. फरक एवढाच की बाहुलीवाला खेळ चालू असताना हात हलवतो. अ‍ॅनिमेटरला एक सेकंदाची हालचाल घडवायला कित्येक तास मिळतात आणि कित्येक तास लागतातही.

तो सगळ्या २४ चौकटी हातानं करत नाही. आधी महत्त्वाच्या मुद्रा ठरवतो: वाकलेला, थांबलेला, वळलेला. या मुद्रांना कीफ्रेम म्हणतात. मधल्या चौकटी संगणक भरतो. पण तो त्या आपल्या स्वभावाप्रमाणे, गुळगुळीत आणि सारख्या भरतो. म्हणून अ‍ॅनिमेटर पुन्हा बसतो आणि मधली अंतरं एकेक करून दुरुस्त करतो. जिवंतपणा या दुरुस्तीत येतो.

शेवटची पायरी रेंडरची: प्रकाश कुठून येतो, धातूवर कसा चमकतो, सावली कुठे पडते, याचा हिशेब करून संगणक अंतिम चित्र काढतो. हे काम संथ असतं. समजा, एका चौकटीला पाच तास लागले. १०,८०० चौकटींना ५४,००० तास, म्हणजे २,२५० दिवस, म्हणजे सहा वर्षांहून जास्त. एका संगणकावर काम टाकलं तर बर्न-ईचा दिवा सहा वर्षांनी लागेल. म्हणून शेकडो संगणक एकाच वेळी लावतात. पाचशे असले तर तेच काम साडेचार दिवसांत होतं. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण छोटा चित्रपट हा छोटा खर्च का नसतो हे त्यातून समजतं. 'बर्न-ई'ला एक मोठी सवलत मात्र होती. यान, त्याच्या बोळकांड्या, वॉल-ई, इव्ह हे सगळं मोठ्या चित्रपटासाठी आधीच घडवलेलं होतं.

८. तिसऱ्यांदा

तंत्र झालं. आता रचना, आणि माझ्या लेखी या लघुपटाची खरी कमाई तिच्यात आहे.

दिवा तीनदा आणला जातो. एखादी गोष्ट पहिल्यांदा घडते तेव्हा ती नुसती घटना असते. दुसऱ्यांदा तशीच घडली की प्रेक्षक मनात नियम बांधतो: हा बाहेर गेला की काहीतरी होतं आणि दिवा जातो. तिसऱ्यांदा आपण तो नियम घेऊनच बसलेलो असतो. साधा दिग्दर्शक तिसऱ्यांदाही दिवा फोडेल. मॅकलेन यांनी दिवा बसू दिला आणि फटका दाराकडून दिला. बर्न-ई या वेळी शिकलेला आहे, मन लावून काम करतो, कशाकडे पाहत नाही. त्याच्या हातून चूक होत नाही. तरीही तो बाहेर अडकतो. इथे लघुपटाचा रंग बदलतो. आधीच्या दोन वेळी आपण त्याच्या धांदरटपणाला हसत होतो. आता तो धांदरट नाही आणि आपण त्याच्या बाजूचे झालेलो असतो.

दुसरी गोष्ट, इथे खलनायक नाही. खडा उडवला वॉल-ईनं. यान गेलं ते वॉल-ईला घेऊन. दार लावलं त्यानंच. आणि वॉल-ईला यातलं काहीच ठाऊक नाही, शेवटपर्यंत. ज्याच्यासाठी आपण मोठ्या चित्रपटात दीड तास जीव मुठीत धरून बसलो, तोच इथे नकळत एका साध्या वेल्डरच्या कामाची वाट लावतोय. वॉल-ईसुद्धा कामगारच, कचऱ्याचे ठोकळे रचत एकट्यानं शतकं काढलेला. एका कामगाराचं महाकाव्य चालू असताना दुसऱ्याचा दिवस वाया जातो. मोठ्या घडामोडींच्या शेजारी कुणीतरी नळ दुरुस्त करत असतं, वायर जोडत असतं, आणि त्याचं नाव गोष्टीत येत नाही. मॅकलेन यांनी कॅमेरा त्या शेजाऱ्याकडे वळवला, हे मला मनापासून आवडतं.

यासाठी त्यांना एक कडक बंधन पाळावं लागलं. मोठ्या चित्रपटातल्या घटना ठरलेल्या होत्या: यान कधी येतं, स्फोट कधी होतो, दार कधी लागतं, जमिनीवर कधी उतरतं. त्यातलं काही हलवता येणार नव्हतं. बर्न-ईचा दिवस त्या घटनांच्या फटींमध्ये बसवायचा होता. त्याच्या कामाला लागलेला प्रत्येक अडथळा आपण आधी दुसऱ्या बाजूनं, आनंदानं किंवा धडधडत्या छातीनं, पाहिलेला असतो.

भांडारातला यंत्रमानव हे पात्रही नजरेतून निसटू देऊ नये. सुरुवातीला त्याचं काम एकच: दिवा पुढे करणं. चौकशी नाही, सहानुभूती नाही. पण एकाच गिऱ्हाईकाला एकाच वस्तूसाठी पुन्हा पुन्हा येताना त्यानं पाहिलंय. शेवटी दिव्याचा चुराडा होतो आणि बर्न-ई कोसळतो, तेव्हा दिलासा द्यायला तोच पुढे येतो. हा जोड मागच्या प्रसंगांतून आलेला आहे, म्हणून तो पटतो. काउंटरच्या अलीकडे-पलीकडे उभ्या असलेल्या दोघांची ओळख अशीच वाढत असते.

'वॉल-ई' पुन्हा पाहणार असाल तर वॉल-ई आणि इव्ह अवकाशातून परत यानात शिरतात त्या दृश्याकडे लक्ष ठेवा. दार बंद होतं आणि बाहेर राहिलेला एक दुरुस्तीवाला यंत्रमानव काही क्षण दिसतो. जून २००८ मध्ये चित्रपटगृहात तो पाहणाऱ्यांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं आणि त्याच्या हातचं काम कोणतं होतं तेही. त्याची बाजू त्यांना नोव्हेंबरात पाहायला मिळाली.